बेचिराखमध्ये राख नाही

गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या कोपरच्या घरातली बाहेरची खोली आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या ताब्यात नसते. नातू आणि त्याचे चार कॉलेजमित्र सतरंजी टाकून बसतात. मध्ये कागद, पेन्सिली, चिवड्याचा डबा आणि चित्रविचित्र फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर चक्क वीस बाजूंचा! रात्री साडेदहापर्यंत आरडाओरडा. मजल्यावरच्या एका काकूंनी आमच्या हिला जिन्यात गाठून विचारलं, "मुलं काय प्लँचेट वगैरे करतात का हो?"

तर सर्वप्रथम त्या काकूंना, आणि पुण्याहून फोन करून "पोराला आवरा" म्हणणाऱ्या माझ्या धाकट्या बंधूंना हे उत्तर. हा खेळ भुताखेतांचा नाही. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. "समोर दार आहे, काय करता?" असं रचणारा विचारतो, बाकीचे ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने याची पहिली पुस्तकं काढली. गोष्ट रचणाऱ्याला म्हणतात 'डंजन मास्टर'. आता ज्या घरात तीस-बत्तीस वर्षं एक मास्तर राहतो आहे तिथे आणखी एक मास्तर तयार झाला, तर वाईट काय? मोबाइल बाजूला ठेवून पाच मुलं चार तास एकमेकांशी बोलतात, एकमेकांचं ऐकतात. माझ्या वर्गात असं घडलं असतं तर मी पेढे वाटले असते.

म्हणजे माझं भांडण खेळाशी नाही. माझं भांडण नातवाच्या शहराशी आहे.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याने एक मोठी मोहीम रचायला घेतली. दाट जंगलात एक ओसाड नगर. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही मराठीचे मास्तर. एखादं भारी नाव सुचवा ना." मी म्हटलं, नाव नंतर, आधी वही दाखव. वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं : 'हे शहर हजार वर्षांपूर्वी अज्ञात कारणाने एका रात्रीत ओस पडले. तेव्हापासून तिथे कोणीही माणूस गेलेला नाही.' पुढच्या पानांवर नकाशा, सोनं कुठे दडलंय त्याच्या खुणा, आणि कुठल्या पडक्या घरात किती राक्षस राहतात त्याची यादी.

मी लाल पेन घेतलं नाही, पण हात शिवशिवले. एका वाक्यात तीन चुका. अज्ञात कारण, एका रात्रीत, आणि कोणीही माणूस नाही.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, बेचिराख. बॉम्बहल्ल्याच्या बातम्यांत 'शहर बेचिराख झाले' असं आपण वाचतो आणि बहुतेकांना वाटतं की त्यात 'राख' आहे, म्हणजे जळून राख झालं. मी वर्गात दर वर्षी हा प्रश्न विचारायचो आणि दर वर्षी चाळीस हात राखेकडेच जायचे. पण शब्द फारसीतून आलेला, बे-चिराग. दिवा नसलेलं. महसुलाच्या जुन्या कागदांत वस्ती उठून गेलेल्या गावाला 'बेचिराख गाव' म्हणत. गावाची हद्द आहे, शेतं आहेत, नाव आहे, फक्त संध्याकाळी दिवा लागत नाही. बघा, किती फरक पडतो! राख म्हटली की विषय संपला. दिवा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, लावणारी बाई कुठे गेली?

हाच प्रश्न नातवाच्या वहीत नव्हता, आणि असल्या पुष्कळ गोष्टींत तो नसतो, हे माझं म्हणणं.

नातू हुशार आहे. तो म्हणाला, "एका रात्रीत होतं की आजोबा. किल्लारी?" खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. हजारो माणसं गेली. पण त्यात अज्ञात काय होतं? भूकंप होता हे साऱ्या जगाला कळलं. आणि वाचलेल्यांनी दुसऱ्या जागी त्याच नावाचं गाव वसवलं, आजही तिथे माणसं राहतात. एका रात्रीत घरं पडतात हो. गाव एका रात्रीत पडत नाही.

मग तो म्हणाला, "बरं, हंपी? ते तर विसरलेलं शहर आहे ना?" इथे मात्र माझा पारा चढला. कोणी विसरलेलं? १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर लुटलं गेलं, राजघराणं निघून गेलं, बाजार मोडला. सगळं कारणासकट, तारखेसकट माहीत आहे. रॉबर्ट सेवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०० साली त्याचा इतिहास लिहिला आणि पुस्तकाला नाव दिलं 'विसरलेलं साम्राज्य'. आता त्याच हंपीतल्या विरूपाक्षाच्या देवळात पूजा चालूच होती, यात्रा भरत होती. पुजाऱ्याला आपण विसरलेल्या जागी राहतो हे माहीत नव्हतं बिचाऱ्याला! अजिंठ्याचंही तेच. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रजाने लेणी 'शोधली' असं आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवलं, मीही शिकवलं. पण आसपासच्या लोकांना ती जागा माहीत होतीच. शोध कसला? साहेबाला उशिरा कळलं, एवढंच.

'हरवलेलं शहर' हा शब्द नेहमी बाहेरून आलेल्या माणसाचा असतो. तिथल्या माणसाचं काही हरवलेलं नसतं. फार तर त्याचं काढून घेतलेलं असतं.

आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. हंपीच्या बाजारात, विरूपाक्षासमोरच्या जुन्या दगडी मंडपांच्या आश्रयाने, कितीतरी कुटुंबं दुकानं थाटून, घरं करून राहत होती. २०११ च्या जुलैमध्ये ती बांधकामं पाडली. दगडांना धोका होता, मान्य. जपणूक व्हायला हवी, तेही मान्य. पण एकदा 'ओसाड शहर' हे चित्र डोक्यात पक्कं बसलं की तिथे चहा विकणारा माणूस चित्रात डाग वाटायला लागतो. मग तो पुसायचा. आणि पुसून झाल्यावर म्हणायचं, वा, किती गूढ शांतता आहे!

नातवाच्या खेळात हेच जरा गंमतीने होत होतं. पडक्या घरात राहणारा जो कोणी असेल तो राक्षस, त्याला मारायचं, त्याचं सोनं घ्यायचं. त्यानेच सांगितलं की जुन्या नियमांत तर जितकी सोन्याची नाणी हाती लागतील तितके अनुभवाचे गुण मिळायचे, नाण्याला एक गुण. मी म्हटलं, अरे, हा खेळ आहे की ईस्ट इंडिया कंपनी?

यावर त्याने जे म्हटलं ते प्रामाणिकपणे लिहायला हवं. कारण तुमच्यापैकीही अनेकांच्या मनात तेच असेल. तो म्हणाला, "आजोबा, हा इतिहासाचा तास नाही. गूढ राहिलं तर मजा. सगळं सांगून टाकलं तर खेळणार काय?"

मंडळी, मला हे मान्य नाही. गूढ आणि आळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रहस्यकथेत खून कोणी केला हे वाचकाला माहीत नसतं, पण लेखकाला पहिल्या ओळीपासून माहीत असतं, आणि म्हणूनच तो जिन्यावर चिखलाचा ठसा ठेवू शकतो. लेखकालाच माहीत नसेल तर ठसा कुठून येणार? 'अज्ञात कारणाने' हे शब्द खेळणाऱ्याच्या तोंडी शोभतात, रचणाऱ्याच्या वहीत नाही. रचणाऱ्याने असं लिहिणं म्हणजे मास्तरांनी उत्तर न काढताच फळ्यावर गणित घालण्यासारखं.

आणि हे फक्त माझंच मत नाही बरं का. त्यानेच मला मग टॉम मोल्डवे या लेखकाची १९८२ ची एक जुनी मोहीम समजावून सांगितली, तिचं नावच 'हरवलेलं शहर'. वाळवंटात एक पिरॅमिड. खेळणारे आत उतरतात आणि काय बघतात, तर जुन्या शहराची माणसं खाली अजून राहतात! मुखवटे घालून, स्वप्नात असल्यासारखी. त्यांच्यात गट आहेत, जुन्या देवांना परत आणू पाहणारे आहेत, भांडणं आहेत. मी म्हटलं, बघ, त्या अमेरिकन माणसालाही कळलं होतं की शहर म्हणजे दगड नव्हेत. तू का विसरलास? तो गप्प. (मास्तर जिंकले की घरात शांतता पसरते, हा माझा अनुभव. ती फार वेळ टिकत नाही हाही.)

नुसतं बोलून भागणार नव्हतं. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही दोघे कोपरच्या वरच्या फलाटावर जाऊन उभे राहिलो. खालच्या रुळांवरून कल्याण-मुंबईच्या लोकल धावतात हे सगळ्यांना माहीत आहे. वरून दिवा-वसईची गाडी जाते, तिला गर्दी कमी आणि ती येतेही क्वचित. ती पकडली की लगेच खाडीचा पूल लागतो. नातवाला म्हटलं, हे उल्हास नदीचं पाणी नीट बघून ठेव, याचाच एक फाटा पुढे वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळतो. तू ओसाड नगरासाठी परदेशी जंगल शोधतोस, आणि तुझ्या घरामागचं पाणी रोज एका ओसाड नगराला जाऊन भेटतं.

वसईचा किल्ला म्हणजे नुसता किल्ला नव्हे, तटाच्या आत वसवलेलं आख्खं शहर होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. पुढे दोनशे वर्षं तिथे चर्चेस, मठ, वाडे, बाजार. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली, आणि पोर्तुगीज तह करून, आपली माणसं आणि चीजवस्तू घेऊन निघून गेले. १७८० साली जनरल गॉडर्डने ती इंग्रजांसाठी घेतली, सालबाईच्या तहानंतर ती मराठ्यांकडे परत आली. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने तिथेच इंग्रजांशी तह केला. आणि तोवर व्यापार मुंबईकडे सरकलेला होता. म्हणजे हे शहर राक्षसाच्या शापाने ओस पडलं नाही. लढाईने, तहाने आणि शेजारी मोठं झालेल्या बंदराने पडलं.

"यात गूढ काय?" असं नातू म्हणेल असं मला वाटलं होतं. पण फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीवर थडग्यांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, ते बघून तो खालीच बसला. परकी अक्षरं बोटाने गिरवत राहिला. वर छप्पर नाही, भिंतीतून झाडं आलेली. मी त्याला म्हटलं, आता घंटा कुठे गेली ते शोध. त्याला सापडेना. मग सांगितलं, नाशिकला गोदेच्या काठी. नारोशंकराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा आहे, ती वसईच्या विजयातून आलेली. चर्चमध्ये वाजणारी घंटा शंकराच्या देवळात वाजू लागली. यापेक्षा मोठी खूण कोणत्या राक्षसाच्या गुहेत मिळणार आहे?

आणि माणसं? तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलेलं, तिचा झगा दोघी जणी उचलून धरत होत्या. किल्ल्याला लागून कोळ्यांची वस्ती, पाचूबंदर. आसपासच्या वाड्यांतून ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही घरं, कितीतरी पिढ्यांची. संत गोन्सालो गार्सिया इथलाच, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ साली संत ठरला. २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही वसईचेच. २०२४ साली ते गेले. ज्यांना आपण 'अवशेष' म्हणतो त्यांच्या शेजारची माणसं संमेलनाचं अध्यक्षपद भूषवतात, मंडळी! आणि २०१५ साली कोल्डप्ले या इंग्लंडच्या गाणाऱ्या मंडळींनी आपल्या एका गाण्याचं चित्रीकरण या किल्ल्यात केलं. नातवाने ते मोबाइलवर दाखवलं. सुंदर आहे, खोटं का बोला. पण त्यात वसई कुठे आहे ते मला सापडलं नाही. पडक्या भिंती तेवढ्या सापडल्या.

परतीच्या गाडीत त्याने वही काढली, आणि मी एक सूचना केली. वसईची नावं बघ. पोर्तुगीज म्हणायचे बसाईं, मराठ्यांनी ठेवलं बाजीपूर, इंग्रज म्हणत बेसीन, लोक म्हणतात वसई. तुझ्या खेळात चार जुने कागद ठेव. प्रत्येकात वेगळ्या शहराचा उल्लेख. खेळणारे चार शहरं शोधत फिरतील, आणि शेवटी त्यांना कळेल की चारही एकच! हे झालं गूढ. उत्तर असलेलं. आणि ते उत्तर सांगणारी बाई तिथेच मासे सुकवत बसलेली असेल, पण तिला मारलं तर कळणार नाही, विचारलं तर कळेल. नाण्याला गुण देऊ नकोस. खरं नाव शोधणाऱ्याला दे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मास्तर एका खेळावरून एवढे का पेटले? सांगतो. घरातल्या मंडळींना माहीत आहे, इतरांसाठी लिहितो.

माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवरचं ते धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधीच गाव उठलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण पळसदेवच्या बाजूचं. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तशीच आमच्या गावची काही जोती वर येतात. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. सोलापूरकडच्या शेतांना पाणी मिळालं, ऊस उभा राहिला, माझ्या मावसभावांचाही राहिला. पण मी तिशीच्या आत होतो आणि घर सोडताना आजीला बघितलं आहे. ओट्यावरचा दिव्याचा कोनाडा होता, त्यातली काजळी तिने बोटावर घेतली आणि पदराला पुसली. बाकी काही बोलली नाही. मामांनी दारं-चौकटी काढून बैलगाडीत घातल्या. नव्या गावठाणात त्याच चौकटी बसवल्या, त्यामुळे घराची दारं भिंतींपेक्षा म्हातारी आहेत.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ड्रोनने तिथलं चित्रण करून टाकलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर ते फिरत माझ्यापर्यंत आलं. खाली भीतीदायक संगीत, आणि वर अक्षरं : 'भीमेच्या पोटातलं रहस्यमय गाव! इथे कोण राहत होतं, कोणालाच माहीत नाही!'

कोणालाच माहीत नाही? अहो, मला माहीत आहे. कोपऱ्यातलं जोतं सुताराचं. त्यापलीकडे आमचं. त्या तरुणाला वाईट काही करायचं नव्हतं. त्याला फक्त गूढ हवं होतं, आणि ते विचारण्यापेक्षा न विचारता स्वस्त मिळतं. वीस किलोमीटरवर नव्या गावात जाऊन एका म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याला घराघराची नावं मिळाली असती. पण मग पार्श्वसंगीत बदलावं लागलं असतं.

म्हणून पेटलो. आज माझी पोरं-नातवंडं खेळात जे शहर रचतील तेच उद्या त्यांना खरं वाटेल. 'तिथे कोणी नव्हतं' हे वाक्य एकदा तोंडात बसलं की कोणाच्याही घराबद्दल ते म्हणता येतं.

नातवाने माझं सगळं ऐकलं असं समजू नका. दिवाळीत मोहीम झाली. राक्षस होतेच ("आजोबा, थोडे तरी लागतात!"). सोनंही होतं. पण पहिल्या पानावरचं वाक्य खोडलेलं होतं आणि तिथे एक कोनाडा काढला होता, काजळी धरलेला. त्याच्या चोर झालेल्या मित्राने त्या कोनाड्यात हात घातला, नाणी शोधायला. मिळालं काहीच नाही. मग त्याने आपणहून विचारलं, "इथे दिवा कोण लावायचं?"

वीस बाजूंचा फासा टाकला गेला. किती पडले ते मी विचारलं नाही, मी आत चहा ठेवायला गेलो होतो.

असो. तुमच्या ओळखीत एखादं बेचिराख गाव असेल, पाण्याखालचं किंवा पाण्यावरचं, तर तिथे दिवा कोण लावायचं ते आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या. आणि मग मला कळवा. नातवाला पुढच्या मोहिमेसाठी नावं हवी आहेत. खरी.